परक्याच्या मनाचा निवाडा कोण करणार?

वैनगंगेच्या कांठचें पवनी हें गांव आमच्या भंडारा जिल्ह्यांतील वाचकांस परकें नाहीं. बाजारासाठीं, लग्नकार्यासाठीं किंवा देण्याघेण्याच्या निमित्तानें तेथें गेला नाहीं असा व्यापारी विरळा. परंतु गांवालगतच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० सालीं नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खातें यांनीं मिळून उत्खनन केलें, त्या टेकडीवरील एका दगडी स्तंभाकडे फार थोड्यांचें लक्ष गेलें असेल. हा स्तंभ बौद्ध स्तूपाच्या कठड्याचा असून त्याचा काळ इसवी सनापूर्वीचें दुसरें ते पहिलें शतक असा मानितात; आज तो दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहे. त्यावर मुचलिंद नागाची कथा कोरलेली आहे. बुद्ध ध्यानस्थ असतां सात दिवस वादळी पाऊस कोसळला आणि नागराज मुचलिंदानें आपला फणा त्यांच्या मस्तकावर धरला, ही ती कथा. शिल्पकारानें नाग कोरला, फणा कोरला, आसनहि कोरलें. परंतु आसनावर कोणीच नाहीं. ज्याच्यासाठीं हा सारा खटाटोप, तोच दिसत नाहीं.

आरंभींच्या बौद्ध शिल्पांत बुद्धाची मूर्ति घडवीत नसत. पाऊलखुणा, बोधिवृक्ष, चक्र किंवा रिकामें आसन यांनींच त्यांचें अस्तित्व सुचवीत, हा त्या काळचा संकेत होता. तें खरेंच. तथापि त्या रिकाम्या आसनांत आम्हांस एक असा विचार दिसतो, कीं ज्याची आज आमच्या घरांस, चावडीस आणि न्यायालयांसहि गरज आहे. मनुष्याचें अंतर्याम हें असेंच एक आसन आहे. तेथें कोणी बसलेला आहे हें आपण जाणतों, कारण स्वतःच्या ठायीं आपण तो अनुभव क्षणोक्षणीं घेतों. परंतु दुसऱ्याच्या आसनावर बसलेला आपणांस कधींच दिसत नाहीं. त्याची मुद्रा, वाणी व वर्तन यांवरून आपण केवळ अनुमान करतों. ह्या अनुमानालाच आपण प्रत्यक्ष ज्ञान समजूं लागलों, म्हणजे किती अनर्थ होतो, तें आज वाचकांपुढें मांडावयाचें आहे.

चैतन्य म्हणजे काय, हा प्रश्न आमच्या देशांत नवा नाहीं. सांख्यांनीं मन आणि बुद्धि यांना जड प्रकृतीच्या पदरांत टाकलें आणि केवळ पाहणारा असा साक्षी पुरुष निराळा ठेवला. बौद्धांनीं असा स्थिर साक्षी मानिला नाहीं. क्षणोक्षणीं उपजणारा व विरणारा विज्ञानाचा प्रवाह हेंच त्यांचें उत्तर. मद्याच्या घटकांत वेगवेगळी नसलेली मादकता जशी त्यांच्या मिश्रणांत उपजते, तसें महाभूतांच्या संयोगानें देहांत चैतन्य उपजतें, असें चार्वाकांनीं सांगितलें. ह्या पक्षांचें एकमेकांशीं कधींच जमलें नाहीं. परंतु वेदना ज्याची त्यासच प्रत्यक्ष कळते. तिची साक्ष देण्याचा अधिकार प्रथम त्याचा आहे, ही रोजच्या अनुभवाची गोष्ट मात्र कोणासहि नाकारतां आलेली नाहीं.

आधुनिक विज्ञानानें ह्या प्रश्नाचा पाठपुरावा मोठ्या चिकाटीनें केला आहे. मनुष्याच्या मेंदूंत सुमारें ८६ अब्ज मज्जापेशी आहेत, हें आज ठाऊक झालें आहे. कॅनडांतील माँट्रिऑल येथील शस्त्रवैद्य वाइल्डर पेनफील्ड यांनीं गेल्या शतकांत अपस्माराच्या रोग्यांचे मेंदू, रोगी शुद्धीवर असतां, विजेच्या सौम्य स्पर्शानें तपासले. एका ठिकाणीं स्पर्श केला कीं रोग्याचा हात आपोआप हाले. आणि विचारल्यास रोगी सांगे कीं, हात मीं हालविला नाहीं, तो तुम्हीं हालविलात. हात त्याचाच, स्नायु त्याचे, मेंदूहि त्याचाच. तरी ही कृति आपली नव्हे हें आंतला कोणी तरी निःशंकपणें जाणतो! मेंदूंतील कोणत्या भागाचें काय काम, हें शास्त्रज्ञ दिवसेंदिवस अधिक सांगूं लागले आहेत. परंतु पेशींतील ह्या हालचालींबरोबर कांहीं तरी 'जाणवतें' तें कां, ह्याचें सर्वमान्य उत्तर अद्यापि मिळालेलें नाहीं. डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञानें १९९५ सालीं ह्यालाच चैतन्याचा कठीण प्रश्न असें नांव दिलें, आणि तो कठीणच राहिला आहे.

आतां कोणी व्यवहारी वाचक म्हणेल, कीं हा वेदान्त आम्हां दुकानदारांस कशाला? त्यास आमचें उत्तर असें, कीं ह्या प्रश्नावर माणसांचें स्वातंत्र्य, शेतजमीन आणि कधीं कधीं प्राणहि अवलंबून असतात. आमच्या वकिलीच्या आरंभींच्या वर्षांतील एक गोष्ट सांगतों. स्थळ आणि नांवें देत नाहीं. १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा त्या वेळीं अंमलांत होता. एका विधवेच्या दिरांनीं जिल्हा न्यायालयांत अर्ज केला कीं, भावजयीचें चित्त ठिकाणावर नाहीं, सबब तिच्या नांवच्या धानाच्या शेतीची व्यवस्था दुसऱ्याकडे सोंपवावी. तीन साक्षीदार आले. तिघांनींहि शपथेवर एकच सांगितलें, कीं ही बाई रोज सांजवेळीं बांधीच्या धुऱ्यावर बसून एकटीच बोलते. अर्जदारांचे वकील आम्ही होतों, हें येथें कबूल केलें पाहिजे. आणि तिघांच्या साक्षी इतक्या जुळल्या, कीं आमचें काम फत्ते झालें असें आम्हांस वाटलें होतें.

न्यायाधीशांनीं कागद बाजूला ठेविले आणि त्या बाईलाच साध्या शब्दांत विचारलें, 'बाई, तुम्ही कोणाशीं बोलतां?' ती म्हणाली, 'धन्याशी बोलतो जी.' 'ते तर वारले ना?' ती म्हणाली, 'वारले जी, मले का ठाऊक नाही? पण दिवसभऱ्याचा हिसाब कोनाले तरी सांगा लागते.' न्यायाधीशांनीं मग तो हिशेबच विचारला. किती पोतीं धान झालें, कोणत्या व्यापाऱ्यास दिलें, मजुरी किती गेली, सोसायटीचें देणें किती राहिलें, हें सर्व तिनें न अडखळतां सांगितलें. अर्ज नामंजूर झाला. बाहेर येतांना त्या बाईच्या तोंडाकडे पाहण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

साक्षीदार खोटें बोलले नव्हते. ती एकटी बोलत असे हें खरेंच होतें. त्यांनीं वर्तन पाहिलें आणि त्याचा अर्थ मात्र आपल्या पदरचा लाविला. तो तिला विचारावा असें तिघांपैकीं एकाच्याहि मनांत आलें नाहीं. आमच्याहि आलें नाहीं. एखाद्या पेढीचें दिवाळें निघालें असें जाहीर करण्यापूर्वीं तिच्या वह्या तपासाव्या लागतात. वह्या न पाहतां केवळ दुकान चार दिवस बंद दिसलें म्हणून कोणी तसें बोलूं लागला, तर व्यापारीवर्ग त्याच्यावर फिर्याद करील. परंतु मनाचें दिवाळें जाहीर करतांना आपण वही उघडण्याचीहि तसदी घेत नाहीं. आणि ही वही अशी आहे, कीं ती ज्याची त्यालाच उघडतां येते.

न्यायशास्त्रास ही अडचण फार पूर्वीं कळली. १८४३ सालीं लंडनमध्यें डॅनियल मॅकनॉटन यानें पंतप्रधान पील यांचे चिटणीस एडवर्ड ड्रमंड यांस गोळी घातली. ते मृत्यु पावले. आरोपीचें चित्त भ्रमलेलें होतें म्हणून तो सुटला, तेव्हां मोठा गहजब झाला आणि उमराव सभेनें न्यायाधीशांकडून नियम मागून घेतले. त्याच विचाराचें रूप १८६० च्या भारतीय दंड विधानाच्या ८४ व्या कलमांत उतरलें, आणि १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या २२ व्या कलमांत तें चालू आहे. कृत्य करतांना त्या कृत्याचें स्वरूप, किंवा तें चुकीचें अगर बेकायदेशीर आहे हें समजण्यास जो चित्तविकारामुळें असमर्थ होता, त्यास शिक्षा नाहीं. हा बचाव सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो; परंतु तो भार किती जड, ह्याविषयीं सर्वोच्च न्यायालयानें १९६४ च्या ठक्कर खटल्यांत बरीच उदार दृष्टि घेतली. संभवाचें पारडें त्याच्या बाजूस झुकलें तरी पुरे. आणि तेवढें झुकलें नाहीं, तरी त्याच्या हेतूविषयीं वाजवी शंका उरल्यास तिचाहि लाभ त्यास मिळतो. मनांतलें आपणांस दिसत नाहीं, हें कायद्यानें मान्य केलें. म्हणून आधींचें, त्या वेळचें आणि नंतरचें वर्तन पाहून, साशंक राहून, तो अनुमान करतो.

परंतु साशंक राहण्याचा कंटाळा येतो. मन थेट वाचून दाखवील असें एखादें यंत्र असावें, हा मोह राज्यकर्त्यांस आणि पोलीस खात्यास पुनःपुन्हा पडतो. आपल्याच महाराष्ट्रांत तसें घडलें. जून २००८ मध्यें पुण्याच्या सत्र न्यायालयानें एका तरुणीस, प्रसादांतून सोमल देऊन आपल्या पूर्वीच्या वाग्दत्त वराचा खून केल्याबद्दल, जन्मठेपेची शिक्षा दिली. तिच्याविरुद्ध जो पुरावा झाला त्यांत मेंदूच्या चांचणीचा अहवाल होता. डोक्यास विजेचीं अग्रें लावून तिला डोळे मिटून स्वस्थ बसविलें. 'मीं सोमल विकत घेतला' अशा तऱ्हेचीं वाक्यें तिला ऐकविलीं. आणि ती एक शब्दहि न बोलतां मेंदूंतील विद्युल्लहरींच्या नोंदीवरून, हीं वाक्यें तिनें केवळ ऐकलेलीं नसून स्वतः अनुभविलेलीं आहेत, असा निष्कर्ष काढण्यांत आला. त्याच वर्षीं बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीनें ही पद्धति शास्त्राच्या कसोटीस उतरत नाहीं असें मत दिलें. पुढें मुंबई उच्च न्यायालयानें तिला जामिनावर मोकळें केलें.

ती तरुणी दोषी होती कीं निर्दोष, हें ठरविणें आमचें काम नव्हे. आमचा आक्षेप एवढाच, कीं रिकाम्या दिसणाऱ्या आसनावर यंत्रानें आपल्या मर्जीचा पुतळा बसविला आणि त्याचीच साक्ष घेतली. कोणी म्हणेल, गुन्हा उघडकीस येत असेल तर बिघडलें काय? २००४ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानेंहि अशा चांचण्यांस संविधानाची आडकाठी नाहीं असेंच म्हटलें होतें. परंतु ५ मे २०१० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यांत निर्णायक शब्द उच्चारिला. गुंगीचें औषध टोंचून वदविणें, असत्यशोधक यंत्र लावणें किंवा मेंदूच्या लहरी मोजणें, हें कोणाच्याहि संमतीविरुद्ध करतां येणार नाहीं. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ति संविधानाच्या २० व्या अनुच्छेदानें मना केली आहे, आणि २१ व्या अनुच्छेदांतील व्यक्तिस्वातंत्र्यांत मनाच्या खासगीपणाचाहि समावेश होतो. परकीय सत्तेच्या काळांत ज्या राष्ट्रानें विचारांबद्दल तुरुंग सोसले, त्याच्या न्यायालयानें असें म्हणावें ह्यांत विशेष औचित्य आहे. घराची झडती घेण्यास वॉरंट चालतें. अंतःकरणाची झडती घेण्यास तें चालत नाहीं.

शहरांतील यंत्रास आपण हंसूं. पण खेड्यांतील मांत्रिक तरी निराळें काय करतो? त्याच्याजवळ विजेचीं अग्रें नाहींत, लिंबू आणि अंगारा आहे, एवढाच फरक. एखाद्या घरचें मूल आजारी पडतें, गाय आटते, आणि मांत्रिक सांगतो कीं पलीकडच्या आळींतील अमक्या बाईनें करणी केली. तिच्या मनांत काय होतें हें त्यास कसें कळलें? विचारावयाचें नाहीं! बहुतेक वेळां ती बाई एकटी, म्हातारी किंवा थोड्याशा जमिनीची मालकीण असते, हें मात्र विसरूं नये. दुसऱ्या एका घरांत सून घुमूं लागते. तिच्या अंगांत कोण आलें, ह्याची चौकशी सारा गांव करतो. तिला काय झालें, ह्याची कोणीच करीत नाहीं. आमचें असें मत आहे, कीं जिचें एरवीं घरांत ऐकून घ्यावयास कोणी नाहीं, तिला कधीं कधीं देवीच्या तोंडानेंच बोलतां येतें. तें ढोंग असतें असें आम्ही म्हणत नाहीं. तिचें दुःख खरें असतें आणि बहुधा तिची तिलाहि त्याची नीट ओळख नसते. त्यावर उपाय चाबूक नव्हे, मिरच्यांची धुरी नव्हे. तिच्याशीं एकांतांत गोड शब्दानें बोलावें, आणि गरज पडल्यास वैद्यास दाखवावें.

ह्या अघोरी प्रकारांविरुद्ध कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनीं वर्षानुवर्षें झटून, शेवटीं २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत मारेकऱ्यांच्या गोळ्यांनीं प्राण दिले. त्यानंतर अवघ्या कांहीं दिवसांत वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळानें मंजूर केला. भूत उतरविण्याच्या नांवाखालीं दोरखंडानें बांधणें, मारहाण करणें, धुरी देणें. अमकी व्यक्ति करणी करते असें सांगून तिचें जगणें असह्य करणें. हे त्यान्वयें गुन्हे आहेत, आणि शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे. कोणाच्या देवपूजेस, भजनास किंवा वारीस हा कायदा हात लावीत नाहीं. दुसऱ्याच्या आसनावर जबरदस्तीनें चढून बसणाऱ्यास तो खालीं ओढतो, इतकेंच.

मांत्रिकास दोष देऊन आम्हां सुशिक्षितांस मोकळें होतां येणार नाहीं. नगरांतील चांगल्या घरांत माडीवरच्या खोलीला बाहेरून कडी असते, आणि आंत एक भाऊ किंवा एक मुलगी वर्षानुवर्षें असते; पाहुण्यांस तिचें नांवहि सांगत नाहींत. हेतु वाईट नसतो; लाज असते, धाकट्या भावंडांच्या सोयरिकीची काळजी असते. परंतु साखळीस हेतु कळत नाहीं. ६ ऑगस्ट २००१ रोजीं तामिळनाडूंतील एरवाडी येथें दर्ग्याच्या आसऱ्यास आणलेले मनोरुग्ण ज्या झोंपडीवजा आश्रमांत बांधून ठेविले होते, तिला आग लागली; साखळ्या तोडतां न आल्यामुळें २८ जण जळून मेले. त्यांस तेथें आणून सोडणारे त्यांचे आप्तच होते, आणि बहुतेकांनीं तें मायेपोटींच केलें असेल.

येथें एक रास्त शंका आहे. कोणी म्हणेल, शहाण्यासुरत्या विधवेस विचारणें सोपें; परंतु ज्याची शुद्धच हरपली आहे, जो अन्न टाकतो, अंगावर धांवतो, त्यास काय विचारावें? शंकेचा पहिला भाग आम्हांस मान्य आहे. मनोविकार हा खरा विकार आहे. त्यावर औषधें आहेत आणि तीं वेळेवर दिलीं पाहिजेत. केवळ प्रेमळ बोलण्यानें सर्व बरें होतें असें म्हणणें ही देखील एक भोंदूगिरीच होय. परंतु शुद्ध हरपली म्हणजे आंत कोणी उरलेंच नाहीं, हें अनुमान किती फसवें असतें पहा. २००६ सालीं केंब्रिज येथील एड्रियन ओवेन आणि त्यांचे सहकारी यांनीं एका तरुण स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. मोटार अपघातानंतर ती महिनोन् महिने निश्चेष्ट पडून होती. हांकेस ओ नाहीं, स्पर्शास उत्तर नाहीं. तिला मेंदूचें चित्र काढणाऱ्या यंत्रांत ठेवून सांगितलें, कीं तूं टेनिस खेळत आहेस अशी कल्पना कर. मग सांगितलें, कीं आपल्या घरांतल्या खोल्यांतून फिरत आहेस असें मनांत आण. निरोगी माणसाच्या मेंदूचे जे भाग अशा कल्पनेनें जागे होतात, तेच तिचेहि जागे झाले. सगळे जिला केवळ श्वास घेणारा देह समजत होते, ती ऐकत होती, समजत होती आणि सांगितलेलें करीत होती! पुण्याच्या खटल्यांतील यंत्र आणि हें यंत्र यांत भेद तंत्राचाहि आहे. परंतु मोठा भेद हेतूचा. एकानें मौनाविरुद्ध साक्ष काढली. दुसऱ्यानें मौनाला प्रश्न विचारला आणि उत्तराची वाट पाहिली.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा ह्याच दिशेनें गेला आहे. १९१२ च्या जुन्या कायद्यांत वेडा हा सांभाळून व डांबून ठेवण्याचा जिन्नस होता. नव्या कायद्याच्या ४ थ्या कलमाप्रमाणें मनोरुग्णासहि आपल्या उपचाराविषयीं निर्णय घेण्याची पात्रता आहे असें धरून चालावयाचें. माहिती समजून घेणें, परिणाम ओळखणें किंवा आपला निर्णय कोणत्याहि प्रकारें कळविणें, इतपत त्यास जमतें कीं नाहीं हें पाहावयाचें. उद्यां आपण भ्रमिष्ट झालों तर कोणता उपचार व्हावा आणि कोणता होऊं नये, हें आजच लिहून ठेवण्याचा आणि आपला प्रतिनिधि नेमण्याचा हक्क प्रत्येक सज्ञान मनुष्यास आहे. साखळी घालणें, मग ती कोणत्याहि रूपाची असो, मना आहे. समाजाच्या रूढीस जो जुमानीत नाहीं तो तेवढ्यावरूनच वेडा ठरत नाहीं, हेंहि कायद्यानें स्पष्ट सांगितलें आहे. आणि आपल्या मनानें लग्न करूं पाहणाऱ्या मुलींच्या बापांनीं तें कलम अवश्य वाचावें.

आणखी एक फेरफार वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. आत्महत्येचा प्रयत्न हा जुन्या दंड विधानाच्या ३०९ व्या कलमान्वयें गुन्हा होता. मरणाच्या दारांतून परतलेल्या माणसाच्या खाटेपाशीं पोलीस उभा राही. २०१७ च्या कायद्यानें ठरविलें, कीं असा मनुष्य तीव्र मानसिक ताणाखालीं होता असें गृहीत धरावें आणि त्याची शुश्रूषा करणें हें सरकारचें कर्तव्य समजावें. नव्या न्याय संहितेंत तें जुनें कलमच राहिलें नाहीं. सरकारी नोकरावर दडपण आणण्यासाठीं केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा उरला आहे. विदर्भांत कर्जानें गांजलेल्या शेतकऱ्यांच्या घरीं काय घडत आलें, हें आम्ही नव्यानें सांगावयास नको. मेल्यावर पंचनामा करणाऱ्या समाजानें जिवंतपणीं एकदां तरी समोर बसून, 'तुझ्या मनांत काय चाललें आहे?' असें विचारलें होतें काय?

हा प्रश्न विचारण्याची सर्वांत अधिक संधि आमच्या व्यापारीवर्गास आहे. तुमसरच्या धानाच्या बाजारांत किंवा भंडाऱ्याच्या पेठेंत गादीवर बसणारा मनुष्य दिवसांतून शेंकडों तोंडें पाहतो. कोण उधारी मागतांना आज प्रथमच खालीं पाहूं लागला, कोण हिशेब न तपासतांच वही मिटून गेला, हें त्याच्याइतकें कोणास कळतें? पत जाणण्याची ही नजर त्यानें क्षणभर माणसाकडेहि वळवावी. सरकारची टेली-मानस ही दूरध्वनिसेवा २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. तो प्रत्येक दुकानाच्या भिंतीवर, नगरपरिषदेच्या फलकावर आणि शाळेच्या दारावर लिहिण्यास किती खर्च येईल?

सारांश, परक्याच्या मनाचा निवाडा कोण करणार, ह्या प्रश्नास आमचें उत्तर असें, कीं पूर्ण निवाडा कोणीच करूं शकत नाहीं. आणि जेथें कांहीं तरी ठरविणें भागच आहे तेथें तीन पथ्यें पाळावीं. प्रथम ज्याच्याविषयीं ठरवावयाचें त्यालाच विचारावें, आणि उत्तर विचित्र वाटलें तरी त्याचा हिशेब शेवटपर्यंत ऐकावा. दुसरें, त्याच्या वर्तनाचा अर्थ एकट्या नातलगानें, मांत्रिकानें किंवा यंत्रानें लावूं नये. वैद्य आणि कायदा यांची साक्ष घ्यावी. तिसरें, जो निर्णय होईल तो गरजेपुरता आणि मुदतीपुरता असावा; कारण मन वाहतें असतें, आणि आज घातलेली कडी उद्यांच्या मनुष्यावर अन्याय करते.

ह्या जिल्ह्याचा आणि ह्या विचाराचा आणखी एक संबंध आहे. १९५४ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर लोकसभेच्या पोटनिवडणुकीस भंडाऱ्यांतून उभे राहिले आणि पराभूत झाले. त्यांच्या मनांत काय आहे, हें आम्ही तेव्हां नीट विचारलें नाहीं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं त्यांनीं नागपुरास बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९५७ सालीं प्रसिद्ध झालेल्या बुद्धचरित्राच्या ग्रंथांत, ह्या धम्मानें सर्व गोष्टींच्या केंद्रस्थानीं मन ठेविलें आहे, हा विचार त्यांनीं अगदीं आरंभींच्या भागांत मांडला. ज्यांना शतकानुशतकें इतरांनीं 'तुमची योग्यता आम्ही ठरवितों' असें सांगितलें, त्यांस आपल्या मनाचे धनी आपणच आहोंत हें कळणें, ही लहान क्रान्ति नव्हे.

पवनीच्या त्या अनामिक शिल्पकारानें आसन रिकामें ठेविलें, आणि त्यावर फणा मात्र काळजीपूर्वक कोरला. वादळांत सांपडलेल्या माणसासाठीं त्याच्या शेजाऱ्यानें काय करावें, ह्याचा धडा त्यांतच आहे. आंत कोण बसला आहे हें ठरविण्याची घाई करूं नये. पाऊस थांबेपर्यंत त्याच्या डोक्यावर छाया धरावी. आमच्या वकिलीच्या त्या पहिल्या वर्षांत हें आम्हांस एका निरक्षर बाईनें शिकविलें. तिच्या ऋणाची फेड म्हणून आम्ही हे शब्द लिहिले. वाचकांपैकीं एकानें जरी आज रात्रीं माडीवरची कडी काढून आंतल्या माणसाशीं दोन शब्द बोलण्यास आरंभ केला, तरी तें ऋण थोडें हलकें होईल.